राज्य गेले, समाज उरला



राज्य जाते तेव्हा नेमके काय जाते? सिंहासन जाते, सैन्य जाते, ध्वज उतरतो, कालपर्यंत चालणारे नाणे रद्दी होते. परंतु एवढे सारे गेल्यावरही त्या राज्यातला माणूस उरतोच. त्याला भूक लागते. त्याची मुले शाळेच्या वयाची असतात. त्याची वृद्ध आई आजारी असते. आणि परक्या देशाच्या वेशीवर पहारेकरी विचारतो, ‘तू कुठला?’ तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसते. कारण ज्या देशाचे नाव तो सांगणार, तो देशच नकाशावरून पुसला गेलेला असतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा प्रसंग दहा लाखांहून अधिक रशियन माणसांवर ओढवला. १९१७ ते १९२३ या अवघ्या सहा वर्षांत युरोपातील चार साम्राज्ये कोसळली. रशियाचे रोमानोव्ह, ऑस्ट्रिया-हंगेरीचे हॅब्सबर्ग, जर्मनीचे होहेनझोलर्न आणि तुर्कस्तानचे उस्मानी. शतकानुशतके उभे असलेले वटवृक्ष उन्मळून पडावेत आणि त्यांच्या फांद्यांवरची पाखरे सैरभैर व्हावीत, तशी कोट्यवधी माणसांची अवस्था झाली. त्यांतील रशियन निर्वासितांची कथा विशेष अभ्यसनीय आहे. राज्यावाचून समाज किती काळ टिकतो, कशाच्या बळावर टिकतो आणि कशामुळे विरघळतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या कथेत सापडतात.

क्रिमियाचा किनारा

नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी पेट्रोग्राडची सत्ता बळकावली आणि रशियात यादवी पेटली. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या ‘श्वेत’ सेना दक्षिणेत, सैबेरियात आणि उत्तरेत उभ्या राहिल्या. परंतु त्यांच्यात एकसूत्रता नव्हती. जमिनीच्या प्रश्नावर शेतकऱ्याला पटेल असे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते आणि अखेर एकेक आघाडी मोडत गेली. १९२० च्या हेमंतात जनरल प्योत्र व्रांगेल यांच्या हाती केवळ क्रिमियाचे द्वीपकल्प उरले होते.

त्या वर्षी मार्चमध्ये नोव्होरोसिस्क बंदरातून झालेली माघार अतिशय विस्कळीत होती. जहाजे अपुरी पडली आणि हजारो सैनिक व नागरिक धक्क्यावरच राहिले. व्रांगेल यांनी त्या अनुभवातून धडा घेतला. जहाजे, कोळसा आणि माणसांची विभागणी यांची योजना आधीच आखून ठेवली. नोव्हेंबरच्या मध्यास सेवास्तोपोल, येव्पातोरिया, याल्टा, फिओदोसिया आणि केर्च या पाच बंदरांतून १२६ जहाजांवर १ लाख ४५ हजारांहून अधिक माणसे चढली. सैनिक, जखमी, विद्यार्थी, प्राध्यापक, पुरोहित, विधवा आणि अनाथ मुले सारे त्यांत होते. जे मागे राहिले त्यांच्यापैकी अनेकांना अभयाची आश्वासने मिळाली होती. त्यांवर विसंबून नोंदणीसाठी हजर झालेल्या हजारोंना पुढील महिन्यांत गोळ्या घालण्यात आल्या.

जहाजे कॉन्स्टँटिनोपलच्या समोर, बॉस्फरसच्या मुखाशी येऊन थांबली. नियतीचा खेळ पाहा! ज्या शहरावर आपला ध्वज फडकावा म्हणून रशियाच्या झारांनी पिढ्यान्‌पिढ्या तुर्कांशी युद्धे केली, त्याच शहराच्या दारात त्यांचे प्रजाजन पाण्याच्या घोटासाठी हात पसरून उभे होते. ते शहरही स्वतंत्र नव्हते. तेथे विजयी दोस्त राष्ट्रांचे सैन्य ठाण मांडून बसले होते आणि उस्मानी सुलतान आपल्या शेवटच्या घटका मोजत होता. एक मेलेले साम्राज्य मरणाऱ्या दुसऱ्या साम्राज्याच्या ओसरीवर आश्रयाला आले होते. भाकरीसाठी अधिकाऱ्यांनी पदके विकली, स्त्रियांनी लग्नाच्या अंगठ्या विकल्या, सरदारांच्या मुलींनी रस्त्यावर फुले विकली. बेयोग्लू भागातील एका जुन्या बाजारगल्लीला ‘फुलांची गल्ली’ हे नाव या फूलवाल्यांमुळेच पडले, असे आजही तेथे सांगितले जाते.

गॅलिपोलीचे दगड

सैन्याचा मुख्य भाग, सुमारे पंचवीस हजार माणसे, गॅलिपोलीच्या उजाड किनाऱ्यावर उतरवण्यात आला. कोसॅकांची रवानगी लेम्नॉस बेटावर आणि चताल्जाच्या छावणीत झाली. गॅलिपोलीत थंडी, चिखल, साप, विषमज्वर आणि अर्धपोटी शिधा असे दिवस होते. शिधा देणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांची इच्छा होती की हे सैन्य विस्कटावे. ज्याला हवे त्याने सोव्हिएत रशियात परतावे, ज्याला हवे त्याने ब्राझीलच्या मळ्यांत जावे किंवा फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती व्हावे.

पराभूत, भुकेला जमाव आणि सैन्य यांत अंतर फार थोडे असते. ते अंतर राखण्याचे काम जनरल अलेक्सांद्र कुतेपोव्ह यांनी केले. त्यांची शिस्त कठोर होती. प्रारंभी पुष्कळांना ती जाचक आणि हास्यास्पदही वाटली. देश उरला नाही, मग बटणे लावून सलाम कोणाला ठोकायचा? तरीही रोज सकाळी कवायत झाली. तंबूत चर्च उभे राहिले, मुलांसाठी शाळा, प्रौढांसाठी वर्ग आणि नाट्यमंडळी उभी राहिली. कागद नव्हता, तेव्हा ‘तोंडी वृत्तपत्र’ सुरू झाले. ठरलेल्या वेळी लोक जमत आणि बातम्या, लेख, कविता मोठ्याने वाचून दाखवल्या जात. काही महिन्यांत जमावाचे पुन्हा सैन्य झाले.

मृतांसाठी स्मारक बांधायचे ठरले, तेव्हा पैसा नव्हताच. प्रत्येकाने निदान एक दगड वाहून आणावा असे ठरले. सेनापतीपासून लहान मुलापर्यंत सर्वांनी दगड आणले आणि १६ जुलै १९२१ रोजी त्या दगडांच्या राशीतून उभ्या राहिलेल्या स्मारकाचे अनावरण झाले. पुढे १९४९ च्या भूकंपात ते ढासळले आणि २००८ मध्ये पुन्हा बांधण्यात आले. १९२१ च्याच अखेरीस हे सैन्य बल्गेरिया आणि सर्बियाकडे हलवले गेले. तेथे हे सैनिक रस्ते बांधू लागले, पेर्निकच्या कोळशाच्या खाणीत उतरू लागले. दिवसभर खाणीत आणि संध्याकाळी आपल्या पलटणीच्या सहभोजनात, असे त्यांचे आयुष्य वर्षानुवर्षे चालले.

नागरिकत्वावाचून माणूस

१५ डिसेंबर १९२१ रोजी सोव्हिएत सरकारने एका आज्ञेने देश सोडून गेलेल्या या सर्वांचे नागरिकत्व काढून घेतले. मायभूमीने मुलाला घराबाहेर काढून दाराला कडी घालावी, तसे हे झाले. झारच्या काळचे पारपत्र आता कोणताही देश मानत नव्हता. नागरिकत्व नाही म्हणून प्रवासाची परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून राहण्याचा हक्क नाही. कायद्याच्या दृष्टीने हा माणूस अस्तित्वातच नव्हता!

अशा वेळी एक थोर पुरुष त्यांच्या साहाय्याला धावला. फ्रिट्‌यॉफ नान्सेन हे नॉर्वेचे सुपुत्र. ‘फ्राम’ जहाजातून उत्तर ध्रुवाच्या दिशेने केलेल्या १८९३ ते १८९६ च्या मोहिमेमुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली होती. महायुद्धानंतर अडकून पडलेल्या लाखो युद्धकैद्यांना त्यांनी घरी पोहोचवले होते. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने त्यांना रशियन निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमले. हाताशी पैसा अत्यल्प, अधिकार त्याहून अल्प. नान्सेन यांनी जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात राष्ट्रांच्या प्रतिनिधींपुढे एक साधी कल्पना मांडली. ज्याला कोणताही देश आपला म्हणत नाही, त्याच्यासाठी ओळखीचा आणि प्रवासाचा एक दाखला असावा आणि तो सर्वांनी मान्य करावा. तोच पुढे ‘नान्सेन पारपत्र’ म्हणून प्रसिद्ध झाला. पन्नासहून अधिक सरकारांनी तो क्रमाक्रमाने स्वीकारला. संगीतकार स्त्राविन्स्की, चित्रकार शगाल, लेखक नाबोकोव्ह यांच्यासारख्यांनी याच दाखल्यावर सीमा ओलांडल्या. १९२४ मध्ये आर्मेनियन आणि १९२८ मध्ये असीरियन निर्वासितांनाही त्याचा लाभ मिळू लागला.

नान्सेन यांना १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. आज जगात निर्वासितांच्या संरक्षणाची जी आंतरराष्ट्रीय व्यवस्था दिसते, तिचे मूळ त्या साध्या कागदात आहे. मात्र तो कागद माणसाला सीमेपलीकडे नेत होता, घर देत नव्हता. घर निर्वासितांनाच उभारायचे होते.

घामाची भाकर

सर्बियात त्यांचे स्वागत मायेने झाले. १९१४ साली सर्बियावर संकट आले असता रशिया युद्धात उतरला होता, हे ऋण राजा अलेक्झांडर विसरला नव्हता. रशियन अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक यांना तेथे कामे मिळाली. क्रिमियात झारसाठी लिवादियाचा राजवाडा बांधणारे वास्तुकार निकोलाय क्रास्नोव्ह बेलग्रेडमध्ये आले आणि तेथील शासकीय वास्तूंच्या उभारणीत त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. बेला त्स्र्क्वा या गावी रशियन लष्करी विद्यालय दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालले.

चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष मासारिक यांनी वेगळा विचार केला. त्यांच्या मते आज ना उद्या रशियाला सुशिक्षित माणसांची गरज भासणार होती, म्हणून हजारो तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन त्यांनी प्रागमध्ये शिकवले. तेथे रशियन प्राध्यापकांनी विद्यासंस्था काढल्या आणि यादवी युद्धाची व स्थलांतराची कागदपत्रे जमवणारे एक मोठे अभिलेखागारही उभे राहिले.

बर्लिन ही १९२२-२३ मध्ये या रशियाबाहेरच्या रशियाची राजधानीच होती. मार्क घसरलेला असल्याने छपाई स्वस्त होती. रशियन वृत्तपत्रे, मासिके आणि प्रकाशनगृहे यांची एकच गर्दी झाली होती. १९२२ च्या शरद ऋतूत सोव्हिएत सरकारने बेर्द्यायेव्ह, इल्यिन, फ्रांक यांच्यासारख्या तत्त्वचिंतकांना जहाजात बसवून जर्मनीला हाकलून दिले. तलवार चालवणारे आधीच गेले होते, आता लेखणी चालवणारेही गेले. १९२३ च्या अखेरीस जर्मन चलन स्थिरावले, महागाई असह्य झाली आणि केंद्र पॅरिसला सरकले.

महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख पुरुष कामी आले होते. त्यांच्या कारखान्यांना हात हवे होते. बियाँकूरच्या रेनॉ कारखान्यात माजी कर्नल यंत्रावर उभे राहिले. पॅरिसच्या टॅक्स्या चालवणाऱ्यांत माजी अधिकारी आणि राजघराण्यांतील माणसे होती. एकेकाळी ज्यांच्या दाराशी चाकर उभे असत, त्या स्त्रिया भरतकाम आणि शिवणकाम करू लागल्या. क्रांतीनंतरच्या पहिल्या हंगामी सरकारचे प्रमुख राहिलेले प्रिन्स ल्वोव्ह पॅरिसमध्ये निर्वासितांना काम मिळवून देण्यासाठी आणि मुलांच्या शाळांसाठी झटत राहिले आणि १९२५ मध्ये तेथेच निवर्तले. श्रमाला लाज नसते, हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहिणे सोपे आहे. प्रधानमंत्रिपद भूषवल्यावर ते जगणे कठीण आहे.

अमेरिकेत गेलेल्या ईगॉर सिकोर्स्की यांची कथा तर प्रत्येक तरुणाने ऐकावी अशी आहे. १९१३ मध्ये चार इंजिनांचे मोठे विमान उडवून दाखवणारा हा अभियंता १९१९ मध्ये न्यू यॉर्कला उतरला, तेव्हा त्याला विमानाचे काम देणारे कोणी नव्हते. तो रशियन कामगारांना गणित शिकवून पोट भरू लागला. १९२३ मध्ये लाँग आयलंडवरील कोंबड्यांच्या एका फार्मवर त्याने देशबांधवांच्या मदतीने कंपनी काढली. हातात पैसे नसलेले ते अधिकारी आणि मजूर भंगार गोळा करून विमान बांधू लागले. काम अडले, तेव्हा स्वतः निर्वासित असलेले विख्यात पियानोवादक रख्मानिनोव्ह यांनी ५ हजार डॉलर दिले आणि कंपनीला आपले नावही दिले. १९३९ मध्ये सिकोर्स्की यांचे हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलले गेले. आज पूर आणि भूकंपात माणसे वाचवणाऱ्या हेलिकॉप्टरच्या घडणीमागे बांधवाने बांधवाला दिलेला तो हात आहे.

दूर पराग्वेत जनरल इव्हान बेल्यायेव्ह १९२४ मध्ये पोहोचले. चाको प्रदेशाच्या त्यांनी मोहिमा काढल्या, १९३२ ते १९३५ च्या युद्धात पराग्वेची सेवा केली आणि माका या आदिवासींच्या हक्कांसाठी अखेरपर्यंत झटले. स्वतःची भूमी गमावलेला माणूस दुसऱ्याच्या भूमीसाठी उभा राहिला, ही घटना सामान्य नव्हे.

भारताच्या किनाऱ्यावर

या प्रवाहाचे काही थेंब भारतातही आले. चित्रकार निकोलाय रोरिख १९२३ च्या अखेरीस सहकुटुंब भारतात आले. पुढे हिमाचलातील नग्गर येथे त्यांनी घर केले आणि हिमालयाची शेकडो चित्रे रंगवून १९४७ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांचे चिरंजीव स्वेतोस्लाव यांनी १९४५ मध्ये देविका राणी यांच्याशी विवाह केला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या या सम्राज्ञीचे नाव मराठी रसिकांना वेगळे सांगावयास नको.

मुंबईशी जोडलेली आणखी एक कथा मात्र फारशी ठाऊक नाही. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या सहवासात राहिलेले क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य देशोदेशी भटकत क्रांतीनंतरच्या रशियात पोहोचले. तेथील कम्युनिस्टांशी त्यांचे बिनसले. मॉस्कोत त्यांनी माग्दा नाखमान या रशियन चित्रकर्तीशी विवाह केला. दोघे १९२२ मध्ये बर्लिनला आले आणि हिटलरच्या उदयानंतर तेथूनही त्यांना निघावे लागले. तिसाव्या दशकाच्या मध्यास ते मुंबईत स्थिरावले. बर्लिनमध्ये नाबोकोव्हचे चित्र काढणारी ही बाई मुंबईत भारतीय माणसांची, कष्टकऱ्यांची चित्रे रंगवीत राहिली. १९५१ मध्ये तिने मुंबईतच अखेरचा श्वास घेतला. आचार्य १९५४ मध्ये गेले. परतंत्र देशाचा क्रांतिकारक आणि राज्य हरपलेली चित्रकर्ती यांचा संसार या महानगराने सांभाळला, ही मुंबईच्या इतिहासातील हृद्य नोंद आहे.

गुरुवारची शाळा

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. राज्य नसताना हा समाज टिकला कशाच्या बळावर?

पहिले बळ भाषेचे. पॅरिसमध्ये मुले आठवडाभर फ्रेंच शाळेत जात. त्या काळी फ्रान्समध्ये गुरुवारी शाळेला सुट्टी असे. त्या दिवशी चर्चच्या तळघरात, एखाद्याच्या दोन खोल्यांच्या घरात ‘गुरुवारची शाळा’ भरे. रशियन भाषा, इतिहास, भूगोल आणि धर्म हे विषय तेथे शिकवले जात. शिकवणारे आदल्या रात्री कारखान्यातून थकून आलेले असत. दुसरे बळ श्रद्धेचे. जेथे दहा-वीस कुटुंबे जमली तेथे प्रथम प्रार्थनेची जागा झाली. कधी गॅरेजमध्ये, कधी लाकडी झोपडीत. पॅरिसमध्ये १९२५ मध्ये संत सर्गेई यांच्या नावाने धर्मविद्यापीठ उभे राहिले. तिसरे बळ सामूहिक स्मरणाचे. १९२५ पासून महाकवी पुश्किनचा जन्मदिवस ‘रशियन संस्कृतिदिन’ म्हणून देशोदेशी साजरा होऊ लागला. राजा कोण असावा यावर ज्यांचे एकमत होत नसे, ते पुश्किनपुढे एकत्र बसत. १९३३ मध्ये इव्हान बुनिन यांना साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा ते कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. तरीही प्रत्येक रशियन टॅक्सीचालकाला ते पारितोषिक आपल्याच घरी आल्यासारखे वाटले.

परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. हा समाज आपसांतील कलहाने पोखरला गेला होता. राजसत्तावादी, उदारमतवादी, समाजवादी. प्रत्येकाचे वृत्तपत्र वेगळे, सभा वेगळी. मार्च १९२२ मध्ये बर्लिनच्या एका सभेत राजसत्तावाद्यांनी उदारमतवादी नेते मिल्युकोव्ह यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांना वाचवताना नाबोकोव्हचे वडील ठार झाले. चर्चमध्येही फूट पडली. या भांडणांचा लाभ सोव्हिएत गुप्तचरांनी पुरेपूर घेतला. १९३० मध्ये जनरल कुतेपोव्ह आणि १९३७ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी जनरल मिलर पॅरिसमधून दिवसाढवळ्या पळवले गेले. मिलर यांचा घात त्यांच्याच विश्वासातल्या सहकाऱ्याने केला.

दुसरा दोष आशेचा होता. ‘पुढल्या वर्षी घरी’ असे म्हणत अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे बांधलेल्या पेट्यांवर बसून राहिली. जो उद्या निघणार असतो तो आज झाड लावत नाही.

परतीची किंमत

त्या आशेची सर्वांत दारुण किंमत पूर्वेकडे मोजावी लागली. मांचुरियातील हार्बिन हे शहर १८९८ मध्ये चिनी पूर्व रेल्वेच्या निमित्ताने रशियनांनीच वसवले होते. क्रांतीनंतर तेथे लाखाहून अधिक रशियन माणसे नांदत होती. १९२४ मध्ये रेल्वेची नोकरी केवळ सोव्हिएत किंवा चिनी नागरिकांनाच मिळेल असे ठरले, तेव्हा पोटासाठी अनेकांनी सोव्हिएत कागद घेतले. लोक त्यांना थट्टेने ‘मुळे’ म्हणत; वरून लाल, आतून पांढरे! १९३५ मध्ये सोव्हिएत संघाने ती रेल्वे जपानच्या अंकित असलेल्या मांचुकुओला विकली आणि हजारो कुटुंबे गाड्या भरभरून मायदेशी निघाली. २० सप्टेंबर १९३७ रोजी त्या परतलेल्यांविरुद्ध खास आदेश निघाला. हेरगिरीच्या आरोपाखाली या मोहिमेत सुमारे ३१ हजार माणसांना गोळ्या घालण्यात आल्या.

१९४५ मध्ये ऑस्ट्रियातील लिएंझ येथे ब्रिटिशांनी जर्मनीच्या बाजूने लढलेल्या कोसॅकांना कुटुंबांसह सोव्हिएत सैन्याच्या हवाली केले. त्यांत जे कधीच सोव्हिएत नागरिक नव्हते असे जुने निर्वासितही होते. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशेबाने हिटलरच्या छायेत गेलेल्यांचा असा अंत झाला. त्याच युद्धात दुसऱ्या रशियन निर्वासितांनी वेगळा मार्ग निवडला. बोरिस विल्दे यांनी पॅरिसमध्ये नाझींविरुद्ध भूमिगत वृत्तपत्र काढले आणि १९४२ मध्ये ते गोळ्यांना सामोरे गेले. मदर मारिया या जोगिणीने ज्यूंना आश्रय दिला आणि १९४५ मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत देह ठेवला. एकाच समाजातून, एकाच दुःखातून दोन वाटा फुटल्या. दुःख माणसाला आपोआप थोर करीत नाही. निवड त्याची त्यालाच करावी लागते.

चीनमधील साम्यवादी विजयाच्या सुमारास, १९४९ मध्ये, शांघायच्या सुमारे साडेपाच हजार रशियनांना पुन्हा एकदा समुद्र गाठावा लागला. फिलिपाइन्सने तुबाबाओ बेटावर त्यांना तात्पुरता आसरा दिला. वादळवाऱ्यात तंबूंत राहून, तेथेही चर्च आणि शाळा उभारून, पुढे ते ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत विखुरले. एका आयुष्यात दोनदा देश सोडणे म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक!

समुद्रकाठची शिक्षिका

क्रिमियातून निघालेले आरमार ट्युनिशियातील बिझेर्ता बंदरात जाऊन विसावले होते. सुमारे सहा हजार माणसे. तेथील डोंगरी किल्ल्यात नौदल विद्यालय भरत असे. एक जुनी युद्धनौका कुटुंबांचे वसतिगृह झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली आणि या जहाजांवरचा संत आंद्रेईचा ध्वज अखेरचा उतरवला गेला. जहाजे भंगारात निघाली, माणसे पांगली.

आठ वर्षांची होऊन त्या किनाऱ्यावर उतरलेली एका नौदल अधिकाऱ्याची मुलगी अनास्तासिया शिरिन्स्काया मात्र तेथेच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या तिने बिझेर्ताच्या मुलांना गणित शिकवले. आरमाराच्या स्मरणार्थ निर्वासितांनी वर्गणीतून बांधलेल्या छोट्या चर्चची देखभाल केली, नाविकांच्या थडग्यांची निगा राखली. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व तिने घेतले नाही. नान्सेनचा तो जुना दाखला तिच्यापाशी होता. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९७ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरातल्या या शिक्षिकेच्या हाती रशियाचे पारपत्र पडले. २००९ मध्ये तिने बिझेर्तातच डोळे मिटले. २००५ मध्ये जनरल देनिकिन आणि तत्त्वज्ञ इल्यिन यांच्या अस्थी मॉस्कोच्या दोन्स्कॉय मठात आणून पुरण्यात आल्या. २००७ मध्ये परदेशातील रशियन चर्च आणि मॉस्कोचे चर्च यांच्यातील ऐंशी वर्षांची फूट मिटली.

मात्र या परतीने हिशेब पुरा झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. निर्वासितांची नातवंडे-पणतवंडे आज फ्रेंच, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आहेत. त्यांतील पुष्कळांना पुश्किन अनुवादातून वाचावा लागतो. हा निसर्गक्रमच आहे. ज्या मातीने अन्न दिले त्या मातीशी इमान राखणे हाही धर्मच आहे. पण जेथे गुरुवारची शाळा टिकली, तेथे तिसऱ्या पिढीतही भाषा टिकली. जेथे घरातले बोलणे थांबले, तेथे एका पिढीत सारे संपले.

गॅलिपोलीच्या स्मारकासाठी कोणाकडेही वर्गणी मागितली गेली नाही, एकेक दगड मागितला गेला. भाषा, संस्कार, परस्परांविषयीची आस्था यांचेही असेच आहे. राज्य असताना या गोष्टी फुकट मिळाल्यासारख्या वाटतात आणि त्यांची किंमत राज्य गेल्यावर कळते. रशियन निर्वासितांना ती परक्या किनाऱ्यावर, उघड्या आभाळाखाली कळली. ज्यांच्या डोक्यावर आज छप्पर आहे, ज्यांच्या हाती आज पारपत्र आहे, त्यांनी आपला दगड वाहून आणण्यासाठी तशा दिवसाची वाट पाहू नये, एवढेच या कथेचे सांगणे आहे.